स्वतःला मार्क देताना हात आखडता का, बायो?

बायो, गणपतीत मोदकांचं सारण ढवळताना तू सहज बोलून गेलीस, "मी काय एवढी हुशार नाही गं ताई, पाठ करते म्हणून मार्क पडतात." तुझ्याच वर्गातला, तुझ्याहून खालच्या नंबरावरचा तुझा चुलतभाऊ खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "मी बसलो असतो ना अभ्यासाला, तर पहिलाच आलो असतो." तुमचं दोघांचंही म्हणणं घरात कुणाला खटकलं नाही. काकीने तर मान डोलावली. मला मात्र ते तेव्हापासून टोचतंय. फोनवर तू "हो ताई, बरं ताई" करून सुटतेस, म्हणून लिहायला बसले.

आधी निकालाचं घेऊ. २०२५च्या दहावीत राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली पास झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. नऊ विभागांत पहिला कोण, तर आपलं कोकण, ९८.८२ टक्के. आपलं मंडळ २०१२मध्ये कोल्हापूरपासून वेगळं झालं तेव्हापासून त्याने हा पहिला नंबर कुणाला दिलेला नाही. पास होण्यावरून हुशारी ठरत नाही म्हणशील, तर कबूल. पण मग ती भावाच्या 'बसलो असतो तर'वरूनही ठरत नाही ना? मुलीचे मार्क दिसले की ते घोकंपट्टीचे, आणि मुलाचे न पडलेले मार्कसुद्धा डोक्याचे! असला हिशेब बंदरावर कुणी मांडला तर त्याला पाण्यात ढकलतील.

हे खूळ आपल्याकडचंच आहे असं नाही. अमेरिकेत लिन बियान आणि तिच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना 'खूप खूप हुशार' माणसाची गोष्ट सांगितली आणि चित्रांतून ती व्यक्ती ओळखायला लावली. २०१७ साली तो अभ्यास छापून आला. पाच वर्षांच्या मुली बाईच्या चित्रावर बोट ठेवायच्या, मुलगे पुरुषाच्या. ज्याला त्याला आपल्यातलंच कुणी हुशार वाटत होतं. सहा-सात वर्षांपर्यंत मुलींचं ते बोट डळमळायला लागलं होतं. आणि शाळेत चांगले मार्क कुणाला पडतात असं विचारलं, की त्याच मुली सांगत होत्या, मुलींना! म्हणजे मार्क आणि डोकं ही दोन खाती पहिलीच्या वयातच वेगळी झालेली. तू तर नववीत आहेस, तुझ्या खात्यावर आठ वर्षांचं व्याज चढलंय.

पंधरा वर्षांच्या मुलामुलींची 'पिसा' नावाची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा असते. तिच्या २०१२च्या फेरीत दिसलं, की गणितात अगदी सारखे गुण मिळवणाऱ्या मुलामुलींतही मुलींचा स्वतःवरचा भरवसा कमी आणि धास्ती जास्त. २०१८च्या फेरीत नापास होण्याची भीती विचारली, तर जवळजवळ प्रत्येक देशात मुलीच जास्त घाबरलेल्या. या दोन्ही फेऱ्यांत आपला देश नव्हता, पण वर्ग आपलाच वाटतो की नाही?

आता मला कोडं पडतं ते तुझ्या घराचं. संध्याकाळी बोटी लागतात, बैलगाड्या छातीभर पाण्यात शिरतात, वाळूवर सुरमई-पापलेटचे वाटे पडतात आणि लिलाव पुकारला जातो. तिथे तुझी आई कशी उभी असते, बघितलंयस ना? पदर खोचलेला, पाटी पायाशी, नजर माशाच्या कल्ल्यावर. समोरचा दलाल कितीही मोठा असो, ती भाव तोडून मागते. चूक झाली तर झाली, दुसऱ्या वाट्यावर भरून काढते. "मला मासळीतलं काय कळतंय" असं तिच्या तोंडून कधी ऐकलंयस? पैसा तिच्या कनवटीला असतो आणि बाबा तिच्याकडून डिझेलचे मागून घेतात. आणि अशा बाईची मुलगी वर्गात उत्तर येत असताना हात वर करत नाही, कारण 'चुकलं तर मुलं हसतील'.

माझ्या मते कारण सरळ आहे. लिलावात बोली करणारी बाई तू रांगायला लागल्यापासून पाहिलीस, म्हणून तिथे बाईचं चालतं हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. फळ्यावरचं अवघड गणित सोडवणारी मोठी मुलगी मात्र तुला फारशी दिसली नाही, आणि दिसली तेव्हा सगळे म्हणाले, "घासू आहे." आपण स्वतःला तेवढंच समजतो जेवढं आजूबाजूला आपल्यासारख्या कुणी करताना पाहिलंय. म्हणून बारावीला शास्त्र घेतलेली पाजपंढरीची ती मुलगी आहे ना, तिच्याकडे रविवारी जाऊन बस. अभ्यासाचं नको विचारूस हवं तर. नुसती ती वही कशी भरते ते बघ.

आता आरशाकडे येते, कारण तू आली नसतीस तरी मला यायचंच होतं. मुली मुलांच्या वर्ष-दोन वर्षं आधी वयात येतात. म्हणून सातवी-आठवीच्या वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत मुली उंच आणि मुलगे शेंगदाण्याएवढे दिसतात. हे सगळ्यांचं एकाच वेळी होत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. मानसशास्त्राच्या अभ्यासांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसत आली आहे, की वर्गात सगळ्यांत आधी वाढलेल्या मुलीला तो काळ जड जातो, तर सगळ्यांत आधी वाढलेला मुलगा बहुधा भाव खाऊन जातो. त्याला क्रिकेटच्या टीममध्ये आधी घेतात. तिला ओढणी नीट घे म्हणून सांगतात. अंगात बदल तोच, पण लोकांची नजर दोन तऱ्हेची.

मुलांचं उलट होतं. जो मागे राहतो, त्याचे हाल. मुरूड आपल्या पलीकडेच, तिथल्या धोंडो केशव कर्व्यांचा किस्सा सांगते. पुढे ते महर्षी झाले, १९१६मध्ये महिला विद्यापीठ काढलं, १९५८मध्ये भारतरत्न झाले, हे सगळं तू निबंधात लिहिलंयस. पण १८७५ साली तो सतरा वर्षांचा, ठेंगणा, भिडस्त मुलगा होता. मराठी परीक्षा द्यायला मित्रांबरोबर पायी निघाला, सह्याद्री चढून साताऱ्याला पोचला. आणि तिथल्या साहेबाने त्याला बघून सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. वय पुरं, चाललेले कोस पुरे, पण दिसणं अपुरं! तुझा तो चुलतभाऊ रोज दरवाजाच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीने रेघ मारतो, ते उगाच नाही. तो तुझ्यासारखाच मोजतोय स्वतःला, फक्त बोलत नाही. तुझं मोजमाप रंगाचं आणि मुरमांचं, त्याचं उंचीचं, मिशीचं आणि फुटलेल्या आवाजाचं.

रंगाचं निघालंच तर सांगते. खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात वाढलेल्या माणसाचा रंग जसा असतो तसा तुझा आहे. ते गोरं करणारं क्रीम आणायला दापोलीला जाऊ नकोस, त्या पैशात मुरांबा खा.

आता ते 'सगळे बघतात' प्रकरण. डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७मध्ये लिहिलं, की या वयातल्या माणसाला आपल्याभोवती कायम प्रेक्षक बसलेत असं वाटतं. ते प्रेक्षक त्याच्या डोक्यातच असतात. पुढे २०००मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि मंडळींनी गंमत केली. कॉलेजच्या मुलांना एक लाजिरवाणा टी-शर्ट घालायला लावून भरल्या खोलीत पाठवलं, आणि मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांच्या. खरं म्हणजे पाव जणांच्याही धड लक्षात आलं नव्हतं. परवा युनिफॉर्मला निळीचा डाग होता म्हणून तू मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर गेली नाहीस ना? बाकीच्या मुली तेव्हा आपापल्या डागांच्या काळजीत होत्या, बाई.

मैत्रिणींबद्दल मात्र जरा बसून बोलायला हवं.

तुमच्या चौघींचं एक बरं आहे, तुम्ही एकमेकींशी बोलता. पण कधी कधी तुमचं बोलणं म्हणजे सहाणेवर चंदन उगाळल्यासारखं चालतं. तिने मला असं का म्हटलं, तिने स्टेटस का ठेवलं, ग्रुपमधून मला आधी काढलं का तिला. रात्री अकराला सुरू, साडेबाराला तिथेच. मिसुरी विद्यापीठात अमांडा रोज यांनी या उगाळण्याचाच अभ्यास केलाय. २००७च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की असं एकच दुःख दोघांनी मिळून घोळवलं की मैत्री घट्ट होते, मुलांचीही आणि मुलींचीही. पण मुलींच्या बाबतीत त्याबरोबर उदासी आणि चिंताही वाढत गेली. म्हणून मी तुला 'बोलू नकोस' म्हणणार नाही, बोलणं ही तुझी पुंजी आहे. एवढंच कर, की एक विषय दोनदा झाला की तिसऱ्यांदा तो काढताना 'आता काय करायचं?' हा प्रश्न घेऊनच काढायचा. काही करण्यासारखं नसेल तर किनाऱ्यावर चालायला जा. समोरच्या सुवर्णदुर्गावर कुणी ऑफलाइन-ऑनलाइन बघत नाही.

आणि 'मुलीच कुचक्या, मुलांचं कसं समोरासमोर असतं' हे जे तू स्वतः मुलगी असून म्हणतेस ना, त्याला आधार नाही. नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. मारामारी मुलगे जास्त करतात, हे खरं. पण पाठीमागे बोलणं, वाळीत टाकणं, अफवा उठवणं यात मुलामुलींतला फरक नावापुरता निघाला. टीमचा ग्रुप बनवून त्या नव्या मुलाला बाहेर ठेवणारे मुलगे कोण होते, ते आठव. त्यांचं भांडण 'मॅटर' होतं आणि तुमचं 'बायकी'. शब्द कोण ठरवतं, ते बघत जा.

आता तुझ्या चुलतभावाच्या बाजूने थोडं. हे तू त्याला वाचायला दिलंस तरी चालेल, पण दिलंस असं दाखवू नकोस, फोन टेबलावर विसर.

नायोबी वे या न्यूयॉर्कच्या प्राध्यापिकेने पौगंडावस्थेतल्या मुलांच्या मुलाखती वर्षानुवर्षं घेतल्या आणि २०११मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तेरा-चौदाचे मुलगे मित्राबद्दल अगदी मनातलं सांगतात, त्याच्याशिवाय वेड लागेल म्हणतात. तेच मुलगे सोळा-सतराचे झाले की म्हणतात, आता तसं कुणी नाही, वेळ मिळत नाही. मित्र हवाच असतो, पण तसं बोललं तर 'मुलीसारखा' म्हणतील याची भीती असते. आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. बंदरावर पोरगा एकदा तांडेलाबरोबर दर्यावर जाऊन आला की तो 'पुरुष' झाला. मग ओकारी झाली, रात्री भीती वाटली, हे सांगायची सोयच संपते. त्याच्या हाताची साल निघालेली दिसेल तुला. तो काय वाटलं ते सांगणार नाही.

आपल्या तालुक्यातल्या एका मुलाची हीच अडचण अख्ख्या महाराष्ट्राने वाचली आहे. पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातल्या पहिल्याच रात्रीची गोष्ट वटपौर्णिमेची. आई आजारी, वडाला फेऱ्या घालण्याचं बळ नाही, म्हणून ती श्यामला घालायला सांगते. श्यामला आईपेक्षा काळजी कसली, तर बायका हसतील आणि मुलं चिडवतील! आई त्याला सुनावते आणि तो जातो. सगळे ती गोष्ट आईच्या संस्कारांची म्हणून वाचतात. मला ती नेहमी त्या पोराच्या घशात अडकलेल्या आवंढ्याची वाटते. बायकांचं काम करताना मुलांनी बघितलं तर काय, हा प्रश्न शंभर वर्षांत फारसा म्हातारा झालेला नाही. तुझा भाऊ घरात भांडी घासतो, पण खिडकी लावून.

आणि गंमत बघ. शिमग्याला खेळे निघतात तेव्हा संकासुराबरोबर गोमू असते, ती मुलगाच होतो. साडी, गजरा, गालावर पावडर, कमरेत लचक. अख्खी वाडी टाळ्या पिटते, पैसे लावते. तोच मुलगा धुळवड झाल्यावर जरा केस नीट विंचरून शाळेत आला तर त्याला काय काय नावं पडतात, ते तुम्ही मुलीच मला सांगत होतात, हसत हसत. त्या हसण्यात तूही होतीस, बरं का. मुलाला 'मुलीसारखा' म्हणून हसलं की चिमटा दोघांना बसतो. त्याला कळतं की असं असणं वाईट, आणि तुला कळतं की तू जे आहेस ते वाईट.

मुलांच्या या गप्प बसण्याची किंमत थोडी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या आत्महत्यांपैकी दर दहांत सातांहून जास्त पुरुष होते. त्याला एकच कारण नसतं, कर्ज असतं, दारू असते, आजार असतो. पण मदत मागता न येणं हे त्यात असतंच, आणि ते पंधराव्या वर्षापासून अंगवळणी पडतं. मुलाला समोर बसवून "काय झालं, सांग" म्हटलं तर तो दगड होतो. त्याच्याबरोबर जाळं साफ करायला बस, सायकलची चेन लावताना पाना धर, आणि मग विचार. हातात काम असलं की बोलणं निघतं. आणि खरंच काही जड वाटलं, त्याला किंवा तुला, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. लहान मुलांसाठी १०९८ आहे. सरकारी दवाखान्यांत तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाची क्लिनिकं असतात, तिथे पाळीपासून स्वप्नांपर्यंत काहीही विचारता येतं. मुरूडच्या त्याच कर्व्यांच्या थोरल्या मुलाने, रघुनाथरावांनी, शरीराबद्दल साध्या मराठीत बोलायचं म्हणून १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. एवढं सोसून कुणीतरी वाट करून दिल्यावर आपण लाजून मागे का फिरायचं?

हे सगळं वाचून 'मुलं अशी, मुली तशा' अशा दोन फळ्या करू नकोस हं. स्वतःबद्दल वाटणाऱ्या किमतीचे शेकडो अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा मुलामुलींतला फरक लहानच निघाला. तो सोळा-सतराच्या आसपास जरा वाढतो, एवढंच. तुझ्या वर्गात स्वतःला राजा समजणाऱ्या मुली आहेत आणि रात्री रडणारे मुलगे आहेत. आणि जे आहे ते दगडावरची रेघही नाही. मुंबईत महापालिकेच्या शाळांत २००८पासून आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर 'जेम्स' नावाचा उपक्रम केला. घरकाम कुणाचं, मार खाणं म्हणजे काय, अंगात बदल काय होतात, यावर खेळांतून बोलणं, बस. तेवढ्यानेही मुलामुलींची मतं हलली. मुलींनी लवकर लग्न करू नये, मुलांनी घरातलं काम करावं असं म्हणणारे वाढले. बोलायला जागा दिली एवढंच केलं होतं त्यांनी.

आता तुझ्याकडून एक काम हवंय. सहामाहीचे पेपर होतील, तेव्हा प्रत्येक पेपर देऊन घरी आल्या आल्या एका कागदावर लिही, मला किती पडतील. खरं वाटतं ते लिही, दृष्ट लागेल म्हणून कमी लिहू नकोस. भावालाही लिहायला लाव, पैज आहे म्हण, लगेच तयार होईल. मग मिळालेले मार्क त्याच्या बाजूला. कोण कुठे आणि कितीने चुकलं, ते तुमचं तुम्हाला दिसेल, मला सांगायची गरज पडणार नाही. मी भाऊबीजेला येतेय. दोन्ही कागद जपून ठेवा, आणि त्याचा तो कागद तू आधी वाचायचा नाहीस.